त्रिंकोमालीचा किल्ला कुणी बघितला

१९८८ साली आमची पलटण श्रीलंकेत, त्रिंकोमाली शहराबाहेर होती. दिवस ठरलेला असे. पहाटे साडेपाचला रोड ओपनिंग पार्टी निघायची. म्हणजे आठ जवान पायी जाऊन उत्तरेकडच्या रस्त्यावर सुरुंग आहेत का ते बघायचे. रविवारी मात्र प्रत्येक प्लाटूनमधून एक जवान शहरातला जुना किल्ला बघायला जाई. त्या एका जागेवर सगळ्यांचा डोळा.

नाईक अनंत मयेकर मिरकरवाड्याचा, मी हातखंब्याजवळचा. भरती एकाच दिवशी झालो, पण नाईकची फीत त्याला आधी मिळाली. नेमबाजीत तो पुढे, गाण्यात पुढे, पत्रंही त्यालाच जास्त. मी त्याच्यावर जळायचो. तोंडावर हसायचो आणि आतून जळायचो.

माझं अक्षर चांगलं, म्हणून ड्यूटी रोस्टर मी लिहायचो. हवालदारसाहेब न वाचता सही करत. त्या रविवारी किल्ल्याचा नंबर अनंताचा होता आणि रोड पार्टीत सर्वांत पुढे चालायचा माझा. मी दोन नावांची अदलाबदल केली. ह्याच्या दारात समुद्र, डोळ्यांसमोर रत्नागिरीचा किल्ला, ह्याला कसलं आलंय कौतुक, अशी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी त्याने रोस्टर वाचला.

"माझा नंबर होता ना रे?"

"वरून बदललं."

"असू दे. पुढच्या आयतवारी जाईन."

तो भांडला नाही, ह्याचाही मला राग आला.

सकाळी सातला आमची गाडी सुटली. किल्ला पोर्तुगीज आणि डचांच्या काळातला. दरवाजावर दगडात कोरलेलं चिन्ह होतं, आत ठिपक्यांची हरणं माणसांना न घाबरता फिरत होती. टोकाला शंकराचं देऊळ आणि खाली सरळ तुटलेला कडा. देखणं होतं सगळं. पण खरं सांगतो, प्रत्येक गोष्ट बघताना पहिलं मनात यायचं ते हेच, की अनंताने हे बघितलेलं नाही. त्यातच जास्त गोडी होती.

दहा चाळीसला गाडीतला वायरलेस सेट बोलला.

"नॉर्थ रोड. ब्लास्ट. कॅज्युअल्टी वन. लीड मॅन. ओव्हर."

सेटवर नाव देत नाहीत. मी विचारलंही नाही. पुढे चालणाऱ्याचं नाव मीच लिहिलं होतं.

तीन महिन्यांनी सुट्टीवर आलो आणि मिरकरवाड्याला गेलो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. आजूबाजूची माणसं अनंताचं नाव काढून डोळे पुसत होती. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही मला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

त्याच्या आईने माझा हात धरला.

"पत्रात लिवलान होतान, आयतवारी किल्ला बघायला जाणार म्हणून. बघितलान काय रे त्याने?"

मी म्हणालो, "हो आये. बघितलान."

"कसा होता?"

मी तिला दरवाजा सांगितला, हरणं सांगितली, देऊळ, कडा, सगळं सांगितलं. अनंता हरणांजवळ किती वेळ उभा होता तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. पुढे दर सुट्टीत तिने तेच विचारलं आणि दर सुट्टीत मी तेच सांगितलं.

आये गेली, म्हणून आज हे लिहितो आहे. पण गावात कुणी लंकेचं विचारलं तर माझं उत्तर तेच असतं. तो किल्ला अनंताने बघितला. मी त्या दिवशी रोडवर होतो.