बोंबील शिकवणाऱ्या टीचर

काही नवीन कळलं की आमच्या टीचर चक्क उडी मारायच्या. साठी उलटली तरी! भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्या बायोलॉजीचे क्लास घ्यायच्या. त्यांनी उडी मारली की कपाटावरचा प्लास्टिकचा सांगाडा खुळखुळायचा.

राहायच्या उत्तनला. तिथे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर वाळत घालतात. तशी एक वाळकी जोडी टीचर वर्गात आणायच्या, उलटी धरायच्या आणि सांगायच्या, ही अँटिबॉडी; दोन शेपट्या म्हणजे दोन हात; रक्तात एकटी फिरते नि जंतू धरते. वासाने वैतागून वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकी हिंदीत भांडायला यायच्या आणि अँटिबॉडी शिकून जायच्या.

पुढे मला पुण्याला पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा हुकली तर शिक्षण बंद, असं घरी ठरलेलं. माझा विषय ऐकवायला मी उत्तनला गेले. म्हटलं, टीचर, आपल्या पेशी अंगातून इवल्याशा पिशव्या सोडतात, आणि काही अँटिबॉडी त्या पिशव्यांवर बसून जातात. टीचर उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. आणि मग अंगणात अशी उडी मारली म्हणता!

"म्हणजे इतकी वर्षं मी तिला एकटीच पाठवली गं!"

लगेच फुगा आणवला आणि दोऱ्याने त्याला चहूबाजूंनी बोंबलाच्या जोड्या बांधल्या. पिशवीच्या आत निरोपही असतो म्हटल्यावर फुग्याची गाठ सोडून आत शेंगदाणा घातला, परत फुगवला.

पण परक्या माणसांपुढे माझी दातखीळ बसते, त्याचं काय? त्यात जायचं एकटीने. टीचर म्हणाल्या, "एकटी कशाला, बाय? आमी हाव ना."

आणि खरंच आल्या की! शेजारच्या दोन कोळणींना घेऊन, फुग्यासकट. तिघी बाहेर बाकावर बसल्या. आत सरांनी विचारलं, सुट्या अँटिबॉडी असताना पिशवी कशाला? झालं, माझी वाचा बसली. तेवढ्यात दाराच्या फटीतून बोंबलाचा वास आला आणि मला हसूच फुटलं.

"एकटीला हात दोनच, सर. पिशवीवर पुष्कळ जणी असतात. धरलेलं सहसा सुटत नाही, आणि आतला निरोपही पोचतो."

जागा मिळाली. टीचरनी बाहेर अशी उडी मारली की वॉचमन धावत आला.

गेल्या वर्षी टीचर गेल्या. उत्तनच्या चर्चमधून निघताना पेटीला खांदा द्यायला त्यांचे इतके विद्यार्थी पुढे सरसावले, की चहूबाजूंनी नुसते हातच हात. मी ढसाढसा रडत होते, आणि ते बघून मधेच मला हसू आलं. मीही हात घातला.

तुम्हाला एकटं नाही पाठवलं, टीचर.