वाक्य संपल्यावरचे दोन सेकंद

समोरच्याचे वाक्य पूर्ण झाल्यावर मगच बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेदरलँड्समधल्या फोरबर्ग गावच्या आमच्या इमारतीत बरोबर आमच्या डोक्यावर राहत होता. हे विधान मी विचारपूर्वक करते आहे. पुण्याच्या एका शाळेत अठरा वर्षे मी मराठी शिकवले. त्या काळात वर्गातली मुले, त्यांचे पालक, सहकारी शिक्षक आणि तीन मुख्याध्यापक यांपैकी पूर्णविरामाची वाट पाहणारे मला कोणीही भेटले नाही. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र पूर्णविरामानंतरही दोन सेकंद थांबत. मोजून दोन. मग मान किंचित पुढे करून उत्तर देत, आणि पुन्हा थांबत.

त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हेगच्या एका संगणक कंपनीत वरच्या पदावर होत्या. कुशल कर्मचाऱ्यांसाठीचा नवा परवाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता आणि पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबे त्याच्या आधाराने इकडे आली होती. आमच्यासारख्या घरांत परवाना नवऱ्याचा असे आणि बायको त्यावर ‘डिपेन्डन्ट’ असे; वरच्या मजल्यावर नेमके उलट होते. गृहस्थ तो शब्द पदवीसारखा उच्चारत. पिंपरीच्या एका कारखान्यात त्यांनी वीस वर्षे नोकरभरती केली होती; इथे डच येत नसल्यामुळे त्यांची स्वतःची भरती कुठेच होईना. अशा वेळी लायडनमधल्या एका लहानशा संस्थेला स्वयंसेवक हवे असल्याचे त्यांना कळले. काम असे होते, की आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या पदवीधरांना दर शनिवारी इंटरनेटवरून नोकरीसाठी तयार करायचे: अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी द्यावी, स्वतःविषयी काय सांगावे. ते पदवीधर तिकडच्या ज्या केंद्रात जमत, त्याची जोडणी उपग्रहावरून होती. यांचा प्रश्न आकाशात जाई, तिकडे उतरे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. या प्रवासाला दोन सेकंद लागत. सुरुवातीला दोन्ही बाजू एकदम बोलत, मग एकदम गप्प होत, मग एकदम ‘सॉरी’ म्हणत. शेवटी गृहस्थांनी थांबायचे ठरवले, आणि एकदा ठरवलेली गोष्ट फक्त शनिवारपुरती पाळणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, खिडकीवरच्या बाईंनी त्यांना नाव विचारले. हे थांबले. बाईंनी तेच इंग्रजीत विचारले. हे थांबले. बाईंनी मोठ्याने विचारले, मग कागदावर लिहून दाखवले. त्यानंतर गृहस्थांनी चारही प्रश्नांना क्रमाने, प्रत्येकाच्या मध्ये योग्य अंतर सोडून, तेच एक उत्तर दिले. वहिनींची मात्र या सवयीबद्दल तक्रार नव्हती. “लग्नाला बावीस वर्षं झाली,” त्या मला एकदा जिन्यात म्हणाल्या, “माझं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं जातंय ते आता. मी त्या उपग्रहाला हळदीकुंकू वाहायला तयार आहे.”

मलावीतली घड्याळे वर्षभर एकाच वेळेवर चालतात. इथली हिवाळ्यात एक तास मागे घेतात. उन्हाळ्यात दोन्ही देशांची वेळ एकच असते. गृहस्थांना ते एकमत इतके आवडले होते, की ऑक्टोबरअखेर सारा देश घड्याळे मागे घेत असताना त्यांनी स्वयंपाकघरातले घड्याळ हलवू दिले नाही. “विद्यार्थी तिथे आहेत, वेळ तिथलीच,” असा त्यांचा मुद्दा. वहिनी मनगटावर डच वेळ बाळगत आणि पोळ्या मलावीच्या वेळेने लाटत. दिवाळीच्या कार्यक्रमाला गृहस्थ लायडनच्या सभागृहात तासभर आधी पोहोचले आणि वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या खुर्च्या मांडून ठेवल्या, पण समोरासमोर, मध्ये एकेक टेबल ठेवून. नंतर आलेल्या मंडळींना आपण फराळाला आलो आहोत की मुलाखतीला, हे काही काळ समजले नाही.

वर्गाच्या वेळी ते कोट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून संगणकापुढे बसत. कॅमेरा नव्हता; पलीकडे फक्त आवाज जात होता. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, “बाई, बूट घातले की आवाज बदलतो.” मी शिक्षिका होते म्हणून ते मला बाई म्हणत. हा सिद्धान्त मी गमतीत घेतला, पण एकदा त्यांनी माझ्यासमोरच एका विद्यार्थिनीला विचारले, “आज पायात काय आहे?” दोन सेकंदांनी उत्तर आले, “चपला, सर.” “ऐकू आलं,” गृहस्थ गंभीरपणे म्हणाले.

ही विद्यार्थिनी म्हणजे थोको. संख्याशास्त्राची पदवी घेऊन तिला दोन वर्षे झाली होती, घरी धाकटी तीन भावंडे होती, आणि नोकरी नव्हती. गृहस्थांच्या मते त्यांच्या वीस वर्षांच्या अनुभवातली ती सर्वांत उत्तम उमेदवार होती. तरीही परदेशी कंपन्यांच्या दोन मुलाखती, दोन्ही अशाच आवाजावरच्या, तिच्या हातून गेल्या होत्या. टिलबर्गमधली मालवाहतुकीची एक कंपनी मलावीत कार्यालय उघडत होती. तिथली मुलाखत महिन्याने होती. ही गेली तर काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे, असे थोकोच्या घरी ठरले होते. आधीच्या एका कंपनीने नकाराचे कारण कळवले होते. गृहस्थांनी तो कागद मला वाचून दाखवला: उमेदवाराचे ज्ञान चांगले आहे, परंतु ती प्रश्न ऐकून गोंधळते आणि उशिरा बोलते.

“गोंधळत नाही हो,” गृहस्थ म्हणाले. “प्रश्न पोहोचायचा असतो.”

त्यांनी प्रथम तिलाच घाईने बोलायला शिकवायचे ठरवले आणि सरावासाठी मुलाखत घेणाऱ्या उतावीळ डच अधिकाऱ्याची भूमिका मला दिली. मी थोकोला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत बसले. गृहस्थ मला खुणेने सांगत होते, तोडा, मध्ये बोला. मला ते जमेना. उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला मध्येच तोडायचे नाही, हे अंगात मुरलेले. “बाई, तुम्ही फार वाईट साहेब आहात,” ते वैतागून म्हणाले, आणि हेडफोन स्वतः चढवून त्यांनी तो उतावीळ अधिकारी इतका हुबेहूब केला, की थोको तिसऱ्या प्रश्नाला रडवेली झाली. गृहस्थांनी हेडफोन काढला.

“याचं मला सोंग करावं नाही लागलं, बाई,” ते म्हणाले. “पिंपरीत मी असाच होतो. पोरगं जरा थांबलं की नावापुढे लिहायचो, ‘मंद’. दोन अक्षरं. पुढचा.”

“किती जणांपुढे लिहिलं असेल?”

“मोजले नाहीत.” मग म्हणाले, “मोजायला हवे होते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी टिलबर्गला पत्र लिहिले आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंची पंधरा मिनिटे मागितली. त्यांचा तर्क सरळ होता: जिला येते तिला काय शिकवायचे? ज्याला येत नाही त्याला शिकवायला हवे. साक्षीला मला बरोबर नेले. रॉटरडॅमला गाडी बदलताना त्यांनी बुटांवरून रुमाल फिरवला.

टिलबर्गच्या बाई उंच, चटपटीत आणि स्पष्टवक्त्या होत्या. “तुम्ही उमेदवाराचे वडील का?” त्यांनी इंग्रजीत विचारले आणि लगेच, “मग काका?” आणि लगेच, “मला दहालाच दुसरी बैठक आहे.”

“तिचा शिक्षक,” गृहस्थ म्हणाले. “वशिला घेऊन आलो नाही. घड्याळ घेऊन आलोय.” त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले. “मला काहीही विचारा. तिचं उत्तर उपग्रहावरून यायला दोन सेकंद लागतात; मीही दोन सेकंदांनी देईन. तोवर तुम्ही काय करता, ते माझ्या या शेजारणीला बघू दे.” शेजारीण म्हणजे मी.

बाईंनी त्यांना मलावीतल्या रस्त्यांविषयी विचारले. गृहस्थ थांबले. दोन सेकंद संपायच्या आत बाईंनी प्रश्न बदलला होता, शिवाय पेन उचलून कागदावर काहीतरी खूणही केली होती. मी ती खूण बोटाने दाखवली. बाईंनी कागदाकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि त्या मोठ्याने हसल्या.

“हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?” त्या म्हणाल्या. “ठीक. मी थांबेन. पण तिचं उत्तर चांगलं नसेल, तर मी तिला घेणार नाही.”

“तेवढंच मागायला आलो होतो,” गृहस्थ म्हणाले.

मुलाखत बुधवारी झाली. तिथे काय चालले आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून गृहस्थ बूट घालून आमच्या स्वयंपाकघरात बसून होते आणि माझ्या हाताखाली मटार सोलून देत होते. दुपारी वरून वहिनींची हाक आली, त्या दिवशी त्या मुद्दाम घरून काम करत होत्या: “अहो, या लवकर, तुमची मलावी बोलावतेय!” आम्ही दोघे वर धावलो. थोकोने सांगितले, की पहिला प्रश्न विचारून बाई इतक्या गप्प राहिल्या, की लाइन तुटली असे वाटून तिनेच विचारले, तुम्ही आहात ना? तर बाई म्हणाल्या, आहे, सावकाश सांगा. मग तिने सावकाश सांगितले. पुढच्या सोमवारपासून कामावर यायचे होते. गृहस्थ तिला काहीतरी सूचना देऊ लागले, आणि तो सराव सोडला तर त्या दिवशी प्रथमच मी त्यांना तिच्या बोलण्यात मध्येच बोलताना ऐकले; ते एकसारखे “शाब्बास, शाब्बास” म्हणत होते, आणि तिचे निम्मे वाक्य त्यात वाहून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी वर्ग भरला तेव्हा थोको नव्हती. असायचे कारणही उरले नव्हते. आमच्या शाळेत मुले जात ती वर्षअखेर, सगळी मिळून, निरोपसमारंभ होऊन, पेढे वाटून. यांच्या वर्गात एकेक नाव असे कधीतरी, यश मिळाल्यामुळे, यादीतून नाहीसे होणार होते. वर्ग संपल्यावर गृहस्थ खाली आले आणि म्हणाले, “बाई, शाळा सोडल्याचा दाखला कसा लिहितात? तुम्ही पुष्कळ लिहिले असतील.”

मी लिहिले होते. कोरा कागद घेऊन रकाने आखले आणि एकेक भरू लागले. विद्यार्थिनीचे नाव. मातृभाषा, चिचेवा. वर्तणूक, उत्तम. प्रगती या रकान्यात मी सवयीने ‘समाधानकारक’ लिहिले, तेव्हा ते संतापले. “दोन वेळा नापास होऊन तिसऱ्यांदा उभी राहिली पोरगी, आणि समाधानकारक?” मी खोडून ‘असाधारण’ लिहिले. शाळा सोडण्याचे कारण: नोकरी लागल्यामुळे. ही अक्षरे त्यांनी स्वतः, माझ्या हातून पेन घेऊन, सुवाच्य काढली.

“आता शाळा सोडल्याची तारीख,” मी म्हणाले.

ते थांबले. “एकदा दाखला दिला की विद्यार्थ्याला परत वर्गात येता येतं का हो?”

“नियमाप्रमाणे नाही. नव्याने प्रवेश घ्यावा लागतो.”

“मग तारीख नका घालू,” ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले.