बॅकअपवाले शेजारी

भिंगारला आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांकडे दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे. दोन राउटर एकमेकांना जोडून टीव्हीशेजारी देवासारखे मांडलेत. एक बंद पडलं की दुसरं आपोआप सुरू होतं, हे ते आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ऐकवतात. "बॅकअप पायजे, बॅकअप!" आणि बोट वर.

माझ्या मुलीची ऑनलाइन मुलाखत होती, त्याच दिवशी आमचं नेट गेलं. पासवर्ड मागायला गेलो तर म्हणाले, "लोड येतो हो." मुलीनं गच्चीत उभं राहून मोबाईलवर कशीबशी मुलाखत दिली.

घर नीटनेटकं दिसावं म्हणून या शहाण्यांनी दोन्ही वायरी एकाच खांबावरून, एकत्र बांधून घेतल्या होत्या. परवा गल्लीतून उसानं उंच भरलेली ट्रॉली गेली आणि दोन्ही वायरी सोबत घेऊन गेली. आमची वायर मागच्या बाजूनं येते, ती वाचली.

लगेच स्वारी आमच्या दारात. मुलीनं निमूट पासवर्ड सांगितला. तासभर सोफ्यावर बसून त्यांनी आपलं काम उरकलं. उठताना आमच्या एकुलत्या राउटरकडे बघून बोट वर केलं.

"एकावरच भागवता? लई रिस्क हाय."