राणीचा झगा

बाप गेला त्या वर्षी अक्का शिलाई मशीनवर बसली, ती उठलीच नाही. धाकटा भाऊ शाळेत होता आणि कुणाच्या दारात काम मागायला जाणं आईला कमीपणाचं वाटे. राहता राहिली अक्का. पुढे तिला बघायला माणसं येऊ लागली, तेव्हा आई त्यांना दारापर्यंत पोचवताना हळूच सांगायची, "आधीच सांगितलेलं बरं, हिला एका डोळ्याने दिसत नाही." अक्का आतल्या खोलीत हे ऐकायची. तिचे दोन्ही डोळे ठणठणीत होते. हळूहळू माणसं यायची थांबली.

शहरात धर्मसंग्रहालय उघडणार होतं. तिथल्या पुतळ्यांचे कपडे शिवायचं काम अक्काला मिळालं. साधू, तपस्वी, भिकारी आणि एक राणी. या राणीने अंगावरचा झगा उतरवून भिकाऱ्याला दिला होता म्हणे. त्यामुळे तो खांद्यावरून निसटतोय असं वाटायला हवं होतं. अक्काने तो शिवला, उसवला, परत शिवला. पुतळे तिने पाहिलेच नव्हते. मापं यायची, कपडे जायचे. काम पसंत पडलं म्हणून तिथल्या व्यवस्थापकाने एक फुकट पास पाठवला.

"मला राणी बघायचीय," अक्का जेवताना म्हणाली. तिने काही मागायची घरात कुणाला सवयच नव्हती.

रविवारी सगळी निघाली. आई, धाकटा, भावजय, त्यांची मुलगी, आणि डब्यांच्या पिशव्या सांभाळत अक्का. दारावरच्या रखवालदाराने पास बघितला. "चौघांचा आहे. आणि पिशव्या आत नेता येणार नाहीत."

"मग अक्का बसेल बाहेर," भावजय लगेच म्हणाली.

"पण आई, पास आत्याचा आहे ना?" मुलीने विचारलं.

"तिला कसलं आलंय नवल?" आई म्हणाली. "तिनेच तर शिवलेत कपडे."

रखवालदाराने पास फाडला. अक्का बाकावर बसली. दार उघडलं की आतला पिवळा उजेड आणि कुठल्याशा झग्याची कड दिसायची. कुणाचा, ते ओळखू येईपर्यंत दार मिटायचं.

बऱ्याच वेळाने सगळी बाहेर आली. मुलगी धावतच आली. "आत्या, राणीचा झगा आत्ता पडेल असं वाटतं गं!"

अक्का उठली आणि थेट रखवालदारापुढे जाऊन उभी राहिली. "मला आत सोडा. लगेच बघून येते. ते कपडे मी शिवलेत."

"असं सगळेच काहीबाही सांगतात, बाई." रखवालदार धाकट्याकडे वळला. "खरं का हो?"

नेमके त्याच वेळी रांगेत धाकट्याच्या ऑफिसचे साहेब उभे होते, बायकोसोबत. साहेबांनी हात केला. "अरे, तू इथे? या कोण?"

धाकट्याने अक्काकडे पाहिलं. झिजलेली चप्पल, बोटाला गुंडाळलेली चिंधी.

"कामाला असते आमच्याकडे," तो म्हणाला. "आईचं बघायला ठेवलीय. मनावर घेऊ नका, डोकं जरा कमी आहे तिचं."

साहेबांच्या बायकोने कीव केल्यासारखी मान हलवली. अक्काने आईकडे बघितलं. आईने सगळं ऐकलं होतं.

"चल गं, पिशव्या उचल," आई म्हणाली. "ऊन लागतंय मला."

अक्काने पिशव्या उचलल्या.

त्याच आठवड्यात तिने बाजारात एक खोली घेतली आणि हातगाडीवर मशीन घालून निघून गेली. आई शेजारपाजारी सांगत सुटली, "म्हातारपणी हिला थेर सुचले!" पुढे धाकटा आला. अक्काला न्यायला नाही, मशीन न्यायला.

"बाबांनी घेतलेली आहे ती. घरातली वस्तू."

"ने की," अक्का म्हणाली.

त्याने एकट्याने उचलून बघितली. लोखंडी धूड ते, हलेना. अक्का समोर उभी राहून बघत राहिली, दुसरं टोक काही तिने धरलं नाही. तो शिव्या घालत गेला आणि परत आला नाही.

पाच-सहा वर्षांनी आई गेली, ते तिला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. धाकट्याने निरोपसुद्धा पाठवला नव्हता. दिवस होऊन गेले होते.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" ती बाई चपापली.

"नाही," अक्का म्हणाली. "हात जरा वर करा." मग तिने बगलेचं माप घेतलं, खडूने लिहिलं, आणि कपडा कधीपर्यंत हवाय ते विचारलं.