थांबाबाई

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना मी पहिल्याच भेटीत मनातल्या मनात 'थांबाबाई' असं नाव ठेवलं, आणि ते काही प्रेमानं ठेवलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं की त्या म्हणायच्या, "थांबा." मी वायरला हात लावायला गेले की, "थांबा." मी लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम करते. तिथे हात थांबला की शर्ट जळतो. त्यामुळे थांबणं हा प्रकारच मुळात माझ्या अंगात नाही.

आज त्यांच्यावर लिहायला बसले आहे ते मात्र उपकार आठवून. तोंडावर आभार मानायला गेलं की त्या स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकतात. म्हटलं, कागद तरी कुठे पळून जाणार नाही.

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. शेजारच्या सीटवर बसून जन्मभर बोलायचं काम, त्यामुळे घरी आले तरी तोंडाचा पट्टा चालूच. चहा गार झाला तर त्यावरही भाषण. मी वैतागून म्हणायचे, "अहो, जरा घशाला सुट्टी द्या." आपण काय काय बोलून जातो. मग त्यांना तो आजार झाला, ज्यात अंगातले स्नायू एकेक करून संपावर जातात. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. डोकं शाबूत राहिलं, आणि माझी चेष्टा करायची खोडही.

शेवटी उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटासाठी एका संस्थेनं आम्हाला कॉम्प्युटर दिला. त्याला एक मोठं गोल बटण आहे, बरणीच्या झाकणाएवढं. पडद्यावर अक्षरं ओळीनं उजळत जातात आणि हवं ते आलं की हे बटण दाबतात. असं करत करत वाक्य झालं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवतो, स्टेशनवरच्या घोषणेसारख्या सपाट आवाजात. एक वाक्य होईपर्यंत माझी अर्धी भांडी घासून होतात. तेवढा धीर मला कुठला? 'पा' आलं की मी सुरू, "पाणी? पाठ? पाय दुखतोय?" हे डोळे घट्ट मिटून घेतात. डोळे वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही, आणि घट्ट मिटले म्हणजे गप्प बस, असा आमचा करार आहे.

तर तो कॉम्प्युटर एक दिवस अडला. चालू केला की पंखा घरघरायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं आणि तिथेच बसायचा. पुढे हलायचं नाव नाही. मी बंद केला, चालू केला, तेच. खालच्या मजल्यावर माझे दीर राहतात, मी कामावर गेले की ते वर येऊन ह्यांच्यापाशी बसतात. भाऊजींनी दिवसभर खटपट केली, तरी तेच.

संस्थेनं ज्या दुकानातून घेतला होता तिथे नेला, तर पहिल्या फटक्यात चालू झाला. घरी आणला, अडला. पुन्हा नेला, पुन्हा चालला. माहेरी गेलेल्या सुनेसारखी त्याची तब्येत तिकडे गेला की ठणठणीत. दुकानदार म्हणाला, तुमच्या घरची वीज खराब आहे. भाऊजींना एकदा कारण मिळालं की ते त्याच्या हात धुऊन मागे लागतात. त्यांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, टेबल उचलून दुसऱ्या भिंतीला लावलं. ह्यांना खिडकी दिसेनाशी झाली, कॉम्प्युटर तसाच.

संस्थेत फोन केला. नवीन यंत्र देऊ म्हणाले, पण यायला काही महिने लागतील. आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन आधीच सांगितलं होतं की त्या बोटाचाही फार दिवस भरवसा धरू नका. म्हणजे ह्यांना बोलायला जे काही महिने उरले होते, नेमके तेच मुक्यानं जाणार होते. हो-नाहीवर संसार चालतो. औषध दिलं का, पाठ टेकवू का, सगळं चालतं. पण माणूस हळूहळू घरातल्या घरात हरवत जातो. त्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या कॉलरवर इस्त्रीचा डाग पडला, तो मी हाच विचार करत उभी होते म्हणून.

लॉन्ड्रीच्या मालकिणीनं डाग बघितला, कारण विचारलं आणि म्हणाली, "त्या चिंध्या न्यायला येतात ना, त्यांना दाखव." आमच्याकडे फाटलेले सुती कपडे उरतात, ते मशिनींचे भाग पुसायला एक बुटक्या बाई घेऊन जायच्या. त्या कॉम्प्युटर दुरुस्त करतात हे मला तेव्हा कळलं.

त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालचा कोनाडा. त्या बुटक्या म्हणून निभावलं, माझं डोकं दोनदा आपटलं. फळीवर उघडीनागडी मशिनं, बिस्किटांच्या डब्यांत स्क्रू. कामाला हात लावण्याआधी घड्याळ आणि अंगठी काढून दाराच्या खिळ्याला अडकवायच्या. बोलताना मात्र त्या अडायच्या. पहिलं अक्षर पुढे सरकायचं नाही, मान ताणली जायची, आणि मग अख्खं वाक्य एकदम बाहेर यायचं. दुकानात चालतो, घरी अडतो ही माझी हकीकत ऐकून त्या बोलायला लागल्या, तशी मी सवयीप्रमाणे मदतीला धावले.

"घ... घ..."

"घरी? घेऊन जाऊ? घासायचं आहे का काही?"

"थांबा," त्या म्हणाल्या. हा एकच शब्द त्यांना न अडखळता यायचा, म्हणून तर तो इतका वापरात. "मला बोलता येतं. वेळ लागतो."

मी गप्प बसले. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट.

"घरी कोण चालू करतं?" त्यांनी विचारलं.

"मी. सकाळी, कामावर निघायच्या आधी."

"मग उद्या सकाळी येते. हे परत न्या."

त्यांनी मशिनीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाजाराच्या ढकलगाडीतून ते धूड मी गल्लीगल्लीतून तिथवर आणलेलं. माझा पारा चढला. म्हटलं, "अहो बाई, बघा तरी उघडून."

"इथे तो चालणारच," त्या म्हणाल्या. "जिथे अडतो तिथेच बघायला हवं." आणि माझ्याआधी ज्याचा नंबर होता त्याच्या मशिनीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. आमच्याकडे कुणीही आलं की मला विचारतं, "मास्तर कसे आहेत?" आणि मास्तर शेजारीच खुर्चीत बसलेले असतात. ह्या बाई आल्या त्या सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दादा, मी म... मशीन बघायला आलेय. बसू का?" आणि उत्तराची वाट बघत उभ्याच राहिल्या. ह्यांनी डोळे वर केले तेव्हा बसल्या. मला तिथेच त्यांच्याविषयीचं मत बदलावंसं वाटलं, पण इतक्या लवकर मत बदलणं मला शोभत नाही.

"तुम्ही रोज करता तसं करा," मला म्हणाल्या. "मी इथे नाहीच."

मग मी रोजचं केलं. ह्यांचं तोंड पुसलं, पाठीला उशी लावली, हात उचलून बटणावर ठेवला, कॉम्प्युटर चालू केला आणि डबा भरायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तर पडद्यावर तेच ते चिन्ह. पण थांबाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या ह्यांच्या हाताकडे बघत होत्या. तेवढ्यात भाऊजी वर आले आणि विजेचं काहीतरी सांगायला लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. मग ह्यांना विचारलं, "दादा, तुम्ही हे आधीपासून दाबून धरलंय का?"

डोळे वर. हो.

त्यांनी बटणाची वायर काढली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चिन्ह आलं, गेलं, आणि अक्षरांची ओळ पडद्यावर हजर. मग त्यांनी वायर परत जोडली. एवढंच. भाऊजी नव्या प्लगकडे बघत राहिले.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. मशीन उठताना आपले सगळे हातपाय चाचपून बघतं. एखादं बटण दाबलेलंच आढळलं की त्याला वाटतं ते अडकलंय, मग ते सुटण्याची वाट बघत तिथेच बसतं. दुकानात हे बटण कुणी नेतच नव्हतं, म्हणून तिथे सगळं आलबेल. आणि घरी जसजसं ते अडत गेलं, तसतसं ह्यांनी बटण जास्तच घट्ट धरलं. कुणीही चालू करो, बोट खालीच.

"अहो, पण धरून कशाला ठेवायचं?" मी ह्यांना म्हटलं. "बोट आखडलं होतं का? की झोपेत राहिलं? की..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आता मशीन चालू आहे. ते सांगतील."

मला कामाला उशीर होत होता. दारात चपला, हातात डबा. अक्षरं उजळत होती, विझत होती. इतक्या दिवसांनी ते बोट चालत होतं, आणि खोलीत कुणी हूं की चूं करत नव्हतं. शेवटी तो सपाट आवाज आला.

"गाडी चालू करताना क्लच दाबून धरायचा असतो."

भाऊजी हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. मलाही हसू आलं. जन्मभर हजारो लोकांना जे पढवलं ते अंगात इतकं मुरलेलं, की कॉम्प्युटरलाही क्लच दाबूनच स्टार्ट. मी निघायला वळले. पण बाई हलल्या नाहीत. त्यांची नजर पडद्यावर होती, कारण अक्षरं अजून पुढे येत होती.

"मशीन उठेपर्यंत तू गेलेली असतेस."

पूर्वी माझी दुपारची पाळी होती. सकाळी कॉम्प्युटर आरामात उठायचा आणि आम्ही आरामात भांडायचो. अलीकडे पाळी सकाळची झाली, तशी मी तो चालू करून लगेच बाहेर पडायला लागले. आधीपासून तयार राहिलं तर मी जायच्या आत आपलं बोलून होईल, म्हणून हे पहिल्या क्षणापासून बोट दाबून बसत होते.

"एवढं काय बोलायचं असतं हो?" मी विचारलं.

त्याला फार वेळ लागला नाही. "सावकाश जा."

भाऊजी खुर्चीवर बसले. "अगं वहिनी," ते म्हणाले, "अडायच्या आधी मी रोज वर यायचो ना, तेव्हा मशीन हेच बोलायचं. मला वाटायचं, दादा मलाच म्हणतोय. मी म्हणायचो, अरे, मी कुठे चाललोय?"

मी तिथेच रडले. डबा हातात धरून, परक्या बाईसमोर. लाज वगैरे काही वाटली नाही.

थांबाबाई आणखी बराच वेळ मशिनीशी बसल्या. रोज सकाळी मी उठायच्या सुमाराला ते आपोआप चालू होईल असं त्यांनी करून दिलं, आणि पुरतं उठलं की टिंग वाजेल असंही. "टिंग वाजल्यावर दाबा, दादा. त्याआधी हात न्यूट्रलमध्ये," त्या म्हणाल्या. एकाही अक्षराला न अडखळता. हे डोळ्यांनी हसले.

चहा पिताना त्यांनी स्वतःचं थोडं सांगितलं. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही, तोवर वर्गाच्या बाई पुढच्या नावावर गेलेल्या. वर्गात बसून गैरहजर. मग शाळेतून लक्षच उडालं आणि वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या टेबलाशी बसायला लागल्या. तिथे त्यांना कुणी घाईनं काही विचारत नसे. हे सांगायला त्यांना अख्खा कप चहा लागला, आणि मी मध्ये एक शब्द घातला नाही. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण जाताना माझ्या दंडाला हात लावून गेल्या.

पुढे डॉक्टर म्हणाले तसंच झालं, बोट गेलं. तेव्हा मी आधी त्यांच्याकडेच गेले. त्या घरी आल्या, ह्यांच्यासमोर बसून राहिल्या, आणि उजवा गाल अजून हलतो हे त्यांनी शोधून काढलं. आता तिथे एक छोटं बटण आहे, खुर्चीच्या दांडीला बांधलेलं. ते बांधताना खाली चिंधीची घडी घातली आहे, गालाला टोचू नये म्हणून. चिंधी आमच्याच लॉन्ड्रीतली.

ह्यांचं बोलणं चालू आहे ते ह्या बाईंमुळे. दुसऱ्या कुणीही कॉम्प्युटर बदलून दिला असता आणि कारण कधीच कळलं नसतं. रोज सकाळी मला ते आठवतं आणि रोज त्यांचं भलं चिंतते.

गालानं अक्षर यायला बोटापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो. वाक्य दोनच शब्दांचं आहे आणि मला ते तोंडपाठ आहे. परवा 'जा' यायच्या आतच माझी बस खिडकीखालून निघून गेली. मला ती दिसली, पण मी दारातच उभी राहिले.