तिन्ही फौजांची एकच पेटी

लग्नघरात जसे लोकांचे डबे साचतात, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साचलेत. कुणाचा कोणता ते आता ओळखू येत नाही, आणि ज्याचा आहे तो काही परत न्यायला येत नाही. म्हणून म्हटलं, एकदा घासूनपुसून मांडून ठेवावेत. चहा घ्या आणि बसा निवांत.

आधी ओळख करून देते. लातूरच्या एमआयडीसीत किशनरावांचं छोटं वर्कशॉप आहे. बोअरच्या मोटारींचे स्टार्टर बनवणारं. एक दिवस मालकांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "आपल्याला फौजेचं काम मिळालंय." स्टार्टर जोडणाऱ्या आमच्या शांताबाईंनी पदर सावरला. "मंजी बॉर्डरला जावं लागंल का ओ?"

काम साधं होतं. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, तिघांचे वायरलेस वेगळे, बॅटऱ्या वेगळ्या, चार्जर वेगळे. पुराच्या मदतीला तिघं एकत्र गेले की तीन चार्जरचं लटांबर सोबत. त्यांना एकच पेटी पाहिजे होती. कुणाचीही बॅटरी लावा, चार्ज झाली पाहिजे. अशी वस्तू फौजेत पोचायला एरवी वर्षानुवर्षं जातात, म्हणून हा पायलट प्रोजेक्ट होता, म्हणजे आधी करून बघायचं काम. पेटी बनवायची, थेट जवानाच्या हातात द्यायची, तो म्हणेल ते सुधारायचं, परत द्यायची. शेवटी तिघांची मिळून एक जॉइंट ट्रायल. पास झालो तर ऑर्डर. नापास झालो तर पेटी परत जुन्या लांबलचक लाइनीत, आणि आमचं वायरिंगचं टेबल बंद.

ते टेबल फक्त या कामासाठीच लावलेलं होतं आणि मी त्याची इनचार्ज. पुण्याची नोकरी सोडून मी आले होते, कारण इथं जवळच औशात आई एकटी. टेबल बंद झालं तर मी परत पुण्यात आणि आई परत एकटी. ट्रायलचं नाव काढलं की मी तपासलेलं वायरिंग परत तपासायला बसायचे, खोटं कशाला सांगू.

सल्ला द्यायला मालकांनी तीन रिटायर माणसं ठेवली. आर्मीचे सुभेदार केंद्रे, अहमदपूरचे. नेव्हीतले शेख, देगलूरचे, त्यांना सगळे चीफ म्हणायचे. आणि एअर फोर्सचे वॉरंट ऑफिसर गायकवाड, नांदेडचे, आमचे वॉरंटसाहेब. तिघंही सोन्यासारखी माणसं. फक्त एका खोलीत ठेवायची नाहीत.

*

सुभेदारांना उघडी वस्तू बघवत नसे. आल्या आल्या त्यांनी चहा-साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. आणि चावी? चावी त्याच डब्याच्या बुडाला चिकटपट्टीनं चिकटवली.

"साहेब, मग कुलूप कशाला?" मी विचारलं.

"आमच्या युनिटची पद्धत हाय. चावीवाला सुट्टीवर गेला तर काम अडू नये."

"पण चोराला सापडंल की."

"चोर वर बघतो, संगीताबाई. जवान खाली बघतो."

तेव्हापासून आमच्याकडे कुणालाही चहा करायचा असला की तो आधी डबा उलटा करतो. एकदा कुलूप लावायचं राहिलं आणि शांताबाईंनी झाकण न बघताच डबा उलटा केला. साखर आठवडाभर मुंग्यांनी वाहून नेली.

*

वॉरंटसाहेबांचं वेड म्हणजे लाल रिबन. विमान उडवण्याआधी जी जी गोष्ट काढायची असते तिला म्हणे लाल रिबन लावतात, म्हणजे ती विसरत नाही. त्यांनी स्कूटरच्या लॉकला रिबन लावली. गॅसच्या नळीला लावली. आमच्या शटरला खालून एक खीळ असते, ती काढल्याशिवाय शटर वर जात नाही. तिला तर हातभर लांब रिबन.

एका सकाळी उदगीरकडचं एक गिऱ्हाईक स्टार्टर न्यायला आलं. शटर बंद, पुढं लाल रिबन झुलायलेली. बिचारं अर्धा तास बाहेर उभं. मी पोचले तर टोपी सारखी करत विचारतंय, "उद्घाटन कुणाच्या हस्ते हाय, ताई?"

*

चीफ दिसेल ती वस्तू दोरीनं बांधायचे. टेबल, पंखा, पाण्याचा जार. गाठ अशी की आपण नखं मोडली तरी सुटायची नाही, आणि ते एक टोक ओढायचे की सगळी दोरी खाली.

"समंदर में जो बांधा नहीं, वो अपना नहीं," म्हणायचे.

सुभेदार चिडायचे. एकदा त्यांची खुर्चीच बांधलेली निघाली. "ओ चीफ, ही काय जहाज हाय का? हे लातूर हाय. इथं जमीन हलत न्हाई."

शांताबाई किल्लारीकडच्या, भूकंपातनं वाचलेल्या. त्यांनी हातातली वायर खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "असं म्हणू नका सुभेदारसाब. बांधू द्या त्यांना."

सुभेदारांनी खाली मान घातली. त्यानंतर त्यांची खुर्ची रोज बांधलेली असायची आणि ते रोज न बोलता सोडून घ्यायचे.

*

खाऱ्या हवेत पेटी टिकली पाहिजे, हा चीफचा हट्ट. रोज पेटीवर मिठाचं पाणी मारायचं ठरलं. मीठ मिळालं, पाण्याचं काय? नळाला आठ दिवसांनी पाणी.

"माणसाला प्यायला न्हाई आन् पेटीला आंघोळ," शांताबाई म्हणाल्या.

शेवटी बोअरचं पाणी घेतलं. ते आधीच इतकं मचूळ की मीठ घालायचं काम निम्मं झालं. मारायला मालकांनी मेव्हण्याचा फवारणीचा पंप आणला. चीफ रोज सकाळी पंप पाठीला लावून पेटीवर फवारणी करायचे. शेजारच्या शेडवाले विचारायचे, "कोणती कीड पडली?"

पेटीला काही म्हणता काही झालं नाही. पण शेतातल्या ऐन फवारणीच्या दिवसांत मेव्हणा पंप न्यायला आला. बघतो तर दांडी गंजून गच्च. तो मालकांना नाही नाही ते बोलायला लागला. चीफनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिल छोटा नको करू, मेव्हणे. पेटी पास झाली. तुमचा पंप नेव्हीत नापास झाला."

*

आता सुभेदारांची टेस्ट. ते म्हणाले, "जवान पेटी ठेवत न्हाई, टाकतो." म्हणून पेटी घेऊन ते अहमदपूरच्या मोंढ्यात गेले. तिथल्या हमालांना म्हणाले, "सोयाबीनचं पोतं उतरवता तशी ही ट्रकमधून उतरवा."

हमालांचा म्होरक्या म्हणाला, "हाय काय हिच्यात?"

"फौजेचं सामान हाय."

झालं. चौघांनी मिळून पेटी नवरीसारखी उतरवली. खाली पोतं अंथरलं. एकानं पळत जाऊन हार आणला. दुसऱ्यानं हळदीकुंकू लावलं. सुभेदार ओरडायलेत, "आपटा, आपटा," आणि म्होरक्या कानाला हात लावून म्हणतोय, "न्हाई साहेब, पाप लागंल."

सुभेदार पेटी तशीच घेऊन परत आले, हारासकट. दुसऱ्या आठवड्यात हार काढून, कुंकू पुसून परत मोंढ्यात. या वेळी हमाल दुसरे.

"हाय काय हिच्यात?"

"एका पुढाऱ्याच्या प्रचाराचं सामान हाय."

पेटी अशी आली खाली की मोंढ्यातली कबुतरं उडाली. एक कोपरा चेपला, आत चार्जिंग मात्र चालूच. सुभेदारांचा चेहरा उजळला. "आता खरी टेस्ट झाली," म्हणाले.

*

काम भराभर करायचं म्हणजे किती भराभर, ते मालकांनी दाखवलं. नांदेडला मैदानावर पहिल्यांदा पेटी जवानांच्या हातात दिली. एक जवान जाड हातमोजे घालून आला, त्याचा हात काही हँडलमध्ये जाईना. ट्रायलवर नेमलेल्या फौजेच्या साहेबांनी मान डोलावली. "योग्य सूचना आहे. लेखी कळवू."

मालकांनी तिथंच दोन्ही हँडल काढली, पिशवीत घातली आणि मला म्हणाले, "चल गं." बाजारातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून मोठी हँडल करून घेतली. परत आलो तेव्हा जवान अजून जेवत होते. त्याच जवानानं जेवण झाल्यावर हातमोज्यासकट पेटी उचलली.

साहेब बघतच राहिले. "पण आमचं पत्र अजून टाइपसुद्धा झालेलं नाही."

"निवांत येऊ द्या साहेब," मालक म्हणाले. "पुढच्या बारीला बी जेवणाआधी सांगत जावा."

*

रंगाचं सांगायचं राहिलंच. सुभेदारांना पेटी हिरवी पाहिजे, चीफना करडी, वॉरंटसाहेबांना निळी. तिघांनी तीन महिने डोकं खाल्लं. तोवर पेटी तांबड्या प्रायमरवरच.

"तिघी सवतींचं भांडण मिटंपर्यंत पोरगं उघडंच," शांताबाई म्हणाल्या.

ते भांडण मिटलं नाही. पेटी प्रायमरवरच, चेपलेल्या कोपऱ्यासकट ट्रायलला गेली.

*

आणि ती ट्रायल.

नांदेडजवळ, गोदावरीच्या काठी. नियम एकच आणि जीवघेणा. ज्यांनी पेटी आधी कधी बघितली नाही असे तीन जवान, तिन्ही फौजांचा एकेक. त्यांनी कुणालाही न विचारता पेटी उघडायची, चालू करायची, तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या. साहेबांच्या हातात स्टॉपवॉच. कंपनीच्या लोकांनी चुन्याच्या रेषेबाहेर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही.

म्हणून आदल्या दिवशी मालकांनी तिघांना समोर उभं करून बजावलं होतं. "उद्या पेटीला दोरी न्हाई, कुलूप न्हाई, रिबन न्हाई. परक्या पोरांनी उघडायची हाय ती. तुमचे लाड शेडमध्ये."

तिघंही "हाव" म्हणाले. मग संध्याकाळी वॉरंटसाहेब टेम्पोकडं एक चक्कर मारून आले. थोड्या वेळानं सुभेदार. सगळ्यात शेवटी चीफ. मी म्हटलं, काळजीनं बघून आले असतील.

मैदानावर जवानांनी ताडपत्री ओढली. पेटी दोरीनं करकचून बांधलेली.

मालकांनी चीफकडं बघितलं. चीफ नदीकडं बघायला लागले.

"बघा, एवढं सांगून," सुभेदार माझ्या कानाशी पुटपुटले. तेवढ्यात मला दोरीच्या खाली कुलूप दिसलं. मी सुभेदारांकडं बघितलं, तर ते बुटांची नाडी बांधायला वाकलेले. बुटांना नाडी नव्हती.

"शिस्त म्हणून न्हाई लोकांना," वॉरंटसाहेब हळूच म्हणाले. मी त्यांचा हात धरला. "साहेब, तुम्ही तरी आत काही केलं न्हाई ना?" ते टेम्पोकडं बघायला लागले. "एक छोटी पिन, मेन स्विचला. टेम्पोच्या धक्क्यानं आपोआप चालू होऊ नये म्हणून."

संपलं, वाटलं मला. डोळ्यांसमोर औशाचं घर आलं, उंबऱ्यात बसलेली आई आली, आणि पुण्याची बस आली. तिघांचा इतका राग आला की तिथंच रडू फुटलं. शांताबाईंनी माझा हात घट्ट धरला.

साहेबांनी स्टॉपवॉच दाबलं.

तीन जवान पेटीभोवती उभे राहिले. आर्मीचा जवान दोरीशी झटायला लागला, गाठ आणखी आवळली. नेव्हीच्या जवानानं त्याला बाजूला केलं, गाठ एकदा निरखली आणि एक टोक ओढलं. दोरी खाली.

मग कुलूप. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. आर्मीच्या जवानाला काय वाटलं कुणास ठाऊक, तो वाकला, पेटीच्या बुडाशी हात घातला आणि चिकटपट्टीसकट चावी बाहेर काढली.

झाकण उघडलं. स्विच काही फिरेना. दोघं जोर लावायला लागले. एअर फोर्सचा जवान इतका वेळ हात मागे बांधून उभा होता. तो पुढं आला, लाल रिबन धरली, ओढली, पिन साहेबांना दाखवली आणि खिशात टाकली. स्विच फिरला. हिरवा दिवा लागला. तीन फौजांच्या तीन बॅटऱ्या शेजारी शेजारी चार्ज व्हायला लागल्या.

साहेबांनी स्टॉपवॉच बघितलं. पेटीभोवती एक फेरी मारली. मग सरळ चुन्याच्या रेषेपाशी, आमच्यासमोर आले. मी डोळे पुसले.

"तिघांतला एक जरी नसता तरी ही पेटी उघडली नसती," ते म्हणाले. "हे तुम्ही मुद्दाम केलंय?"

मालकांनी चीफकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं, वॉरंटसाहेबांकडं बघितलं. तिघं सावधानमध्ये उभे. मालक उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललेले नाहीत. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या तिघांनी लई विचार करून केलंय."

ऑर्डर आली. औशाला आईनं पेढे वाटले, शेजारच्या गल्लीतसुद्धा. ऑर्डरमध्ये एक अट होती: ट्रायलला होती तशीच पेटी द्यावी, कोणताही बदल करू नये.

आता आमच्या शेडमधून निघणारी प्रत्येक पेटी तांबड्या प्रायमरचीच असते. तिला वॉरंटसाहेब रिबन लावतात, सुभेदार कुलूप लावतात, चीफ दोरी बांधतात, याच क्रमानं. आणि शांताबाई मोंढ्यात जाऊन प्रत्येक पेटीचा एक कोपरा चेपून आणतात.