टेबलफॅनच्या जोरावर

दादाच्या डोंबिवलीच्या घरातलं एकही दार धड नव्हतं. बेडरूमच्या दाराला खांद्याच्या उंचीवर खड्डा, संडासाच्या दाराला खाली लाथेची फट, आणि स्वयंपाकघराच्या दारावर वहिनीने कॅलेंडर लावलेलं, ते कशावर लावलंय हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. महेशदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, चिडला की दारं फोडायचा. माणसाला हात लावायचा नाही, आणि याचा त्याला केवढा अभिमान होता. "दाराला दुखत नाही," असं तो मूठ चोळत म्हणायचा. मी म्हणायचे, "तुला दुखतं ना? मग शहाणपणा कशाला सांगतोस?"

त्याची नोकरी ठाण्यातल्या एका ऑफिसात, तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. पण जीव सगळा घरच्या मशीनमध्ये. बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर आणि मेमरी जास्त पळवायची, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मेमरीचा वेग वाढवला की ती अडखळते, मग तिला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं. कमी पडलं तर ती चुका करते, जास्त झालं तर तापते, आणि फारच झालं तर कायमची जाते. या एवढ्यावर दादाचे रविवारच्या रविवार जायचे. वेग एक पायरी वर, की टेस्ट. व्होल्टेज किंचित वर, की पुन्हा टेस्ट. मी एकदा म्हटलं, सगळं एकदम वाढव आणि मोकळा हो. तर म्हणाला, "आणि बोंबललं की कोणाचा कान पिळू? तिघांनी मिळून काच फोडली तर धरायचं कोणाला? एका वेळी एकच हलवायचं." त्याची सगळी उदाहरणं अशी मारामारीतलीच असायची.

मेमरीवर त्याचा जास्त राग, आणि जास्त जीवही तिच्यावरच. "प्रोसेसर इमानदार असतो गं," तो सांगायचा. "झेपलं नाही की सरळ आडवा पडतो. मेमरी घुमी. हसतखेळत चालते आणि आतल्या आत एखादा आकडा बदलून ठेवते. तुला पत्ताच नाही. पुढे कधीतरी फाइल उघडशील, तेव्हा कळेल कुठे मार बसलाय." म्हणून तो टेस्ट तासन् तास चालवायचा. स्क्रीनवर चूक दाखवणारी एक जरी लाल ओळ आली तरी ते सेटिंग बाद. मशीन चालू होतंय ना, मग झालं तर, असं कोणी म्हटलं की तो त्या माणसाकडे असा बघायचा की बिचारा चहा अर्धा टाकून उठायचा.

हा संताप आमच्याकडे बाबांकडून आला. बाबा कोकणातून आलेले, एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर. ते पट्ट्याने मारायचे, आणि पट्टा हाताशी नसला तर जे हाती लागेल त्याने. आईलाही, आम्हालाही. दादा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा त्याने जुने सुटे भाग जमवून पहिलं मशीन उभं केलं. एकदा दुपारी त्यावर मेमरीची टेस्ट चालू होती. बाबा ड्यूटीवरून आले आणि म्हणाले, "बंद कर ते. बिल तुझा बाप भरतो." दादा म्हणाला, "एवढी संपू दे, बाबा." एवढंच. बाबा आत गेले, पाट्यावरचा वरवंटा घेऊन आले आणि उघड्या मशीनवर घातला. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा दादाने आपला हात मध्ये घातला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पुढे जे झालं ते आमच्या घरात नंतर कोणी बोललं नाही. दादाने चांगल्या हाताने बाबांचा गळा धरला आणि त्यांना भिंतीला दाबलं. बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला, पाय घासायला लागले. आई आणि मी मिळून त्याची बोटं सोडवत होतो. सुटली तेव्हा बाबा खाली बसले, आणि त्या दिवसानंतर त्यांनी कोणाला मारलं नाही. दादाच्या हाताला प्लास्टर घातल्यावर मी म्हटलं, बरं केलंस. तो म्हणाला, "बरं काय? मला सोडायचंच नव्हतं गं. मजा येत होती." मग म्हणाला, "मी माणसावर हात टाकणार नाही. कधीच. टाकला तर मी बाबाच झालो म्हणून समज." या एका गोष्टीवर तो जगत होता, आणि हे मला माहीत होतं म्हणून त्या फुटक्या दारांचं मी फारसं काही मनावर घेत नसे.

त्याने शब्द पाळलाही. कोपरच्या एका जिमवाल्याला त्याने मशीन बांधून दिलेलं. त्या शहाण्याने मित्रांना मोठा आकडा दाखवायला स्वतःच मेमरीच्या पट्ट्यांचं व्होल्टेज भसाभस वाढवलं आणि त्या जाळल्या. मग दोन जणांना घेऊन आला आणि दादाला जिन्यात गाठलं. ओठ फाटला, बरगडीवर गुडघा बसला, शर्ट चिंध्या. दादाने दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवला आणि मार खाल्ला. मार खाताखाता त्याला समजावतही होता, "अरे बाबा, वेग वाढला नाही म्हणून व्होल्टेज ओतत सुटायचं नसतं." ते गेल्यावर वर येऊन त्याने बेडरूमच्या दाराला खड्डा पाडला, तो हा. अश्विनी वहिनी त्याचा ओठ पुसत म्हणाली, "त्याला एक ठेवून द्यायची ना. माझं दार काय म्हणून?" तो म्हणाला, "सुरू झालो असतो तर थांबलो नसतो."

वहिनी घरूनच काम करायची. नव्या फ्लॅटांची स्वयंपाकघरं, कपाटं, सगळं कॉम्प्युटरवर उभं करून गिऱ्हाइकाला दाखवायची. ते त्याच मशीनवर. दादाने थंडीत त्या मशीनच्या मेमरीचा असा काही वेग बसवला होता की ओळखीच्या सगळ्यांना त्याने फोटो पाठवले. व्होल्टेज जरा वरचंच होतं, पट्ट्या तापत होत्या, म्हणून मशीनचं एक बाजूचं झाकण काढून तिथे टेबलफॅन लावला होता. त्या वाऱ्यावर टेस्ट पास झाली. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर दादाने त्याची सालटी काढली असती. पण आकडा स्वतःचा होता ना! "फॅन आहेच की," म्हणाला, आणि ठेवलं तसंच.

मग आला मे महिना. डोंबिवलीचा मे, अंगाला चिकटणारा. त्या रविवारी मी जेवायला गेले होते. सानू, माझी भाची, चौथीतली, आतल्या खोलीत चित्रं काढत होती आणि तिच्यासमोर तो टेबलफॅन गरगरत होता. उकडतं म्हणून पोर आठवडाभर, दादा ऑफिसात असताना, तो उचलून नेत होती, आणि त्या दिवशी मी जाता जाता बघितलंही. बाहेर वहिनी मशीनसमोर बसली होती आणि तिची फाइल उघडत नव्हती. मोठं काम होतं, दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं. तिने जपून ठेवलेली प्रत उघडली. तीही खराब. आठवडाभर ती त्याच मशीनवरून प्रती काढत होती, आणि सगळ्यांना आतून मार बसला होता.

दादा हातातलं ताट ठेवून आला. मशीनकडे पाहिलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं. "फॅन कोणी काढला?"

वहिनीने आतल्या खोलीकडे एकदाच बघितलं. "मी काढला."

"कशाला? तुला सांगितलेलं ना, त्याला हात लावायचा नाही म्हणून?"

"महेश, फॅनवर चालणारं सेटिंग हे सेटिंग असतं का? तूच सगळ्यांना सांगतोस ना? तुझं चुकलंय. माझं काम गेलं."

दार तिच्या मागे होतं. त्याची मूठ उठली ती दारासाठीच, असं तो नंतर म्हणत राहिला. मी डोळ्यांनी बघितलंय. मूठ वाटेत उघडली आणि उलटा हात वहिनीच्या कानशिलावर बसला, आणि तो थांबला नाही, दुसरी दिली. ती मशीनच्या पत्र्यावर पडली. भुवई चिरली, उघड्या बोर्डावर रक्त टपकलं आणि स्क्रीन विझली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कीबोर्ड उपटला आणि दादाच्या डोक्यात घातला. पुन्हा खांद्यावर, पाठीवर, घालत राहिले. बटणं खोलीभर उडाली. त्याने हात वर केला नाही. आतल्या दारात सानू उभी होती, तिच्या हातात फॅनची वायर होती.

दवाखान्यात वहिनीला टाके पडले. ती तिथूनच सानूला घेऊन कल्याणला माहेरी गेली. दादाने मशीन पुसलं, बिघडलेला बोर्ड बदलला, झाकण लावलं आणि फॅनशिवाय, त्याच सेटिंगवर टेस्ट लावली. लाल ओळींनी स्क्रीन भरून गेली. त्याचा फोटो त्याने वहिनीला पाठवला, खाली लिहिलं, तुझं बरोबर होतं. वहिनीने मला फोन केला. म्हणाली, "याला वाटतं मला पुरावा हवा होता. मी तेव्हाच सांगत होते की." मग त्याने वेग, व्होल्टेज सगळं कंपनीच्या मूळ आकड्यांवर आणलं, खिडक्या बंद करून, भर उन्हात टेस्ट पास केली, आणि मशीन माझ्याबरोबर रिक्षातून कल्याणला पाठवलं. वहिनीने ते ठेवून घेतलं. "मशीन राहू दे," ती म्हणाली. "त्याला सांग, माणूस नको."

डोंबिवलीचं घर त्याने तिच्यासाठी सोडलं, सानूची शाळा जवळ म्हणून. स्वतः दिवा स्टेशनजवळ भाड्याने राहतो. पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन खाली पळतो. ठाण्यात रागासाठी एका डॉक्टरांकडे जातो, न चुकता. माझा भाऊ आहे, माझ्यासाठीही त्याने लहानपणी पाठीवर पट्टे झेललेत. मला त्याची माया आहे आणि मी त्याला माफ केलेलं नाही. दोन्ही खरं आहे, कोणाला पटो न पटो.

वहिनीने सानूला त्याला भेटू द्यायचं कबूल केलं, पण माझ्या घरी, माझ्यासमोर. पहिल्या वेळी मी बाळकुमच्या माझ्या घरात माझा जुना कॉम्प्युटर उघडून ठेवला, म्हटलं दोघांना हाताला काहीतरी काम असू दे. तो तिला मेमरी बसवायला शिकवत होता. "दोन्ही अंगठे दोन टोकांना ठेव. सारखाच जोर दे. घाबरू नको, मोडत नाही." टक् करून पट्टी बसली. सानू चक्क हसली. तिच्या गालाला धूळ लागली होती. ती पुसायला त्याने हात उचलला.

ती खाली वाकली. खुर्चीत मुटकुळं करून, दोन्ही हात डोक्यावर. आणि त्या हातांच्या आतून म्हणाली, "फॅन मी काढला होता, पप्पा. आईने नाही."

इतके महिने पोरीने हे पोटात ठेवलं होतं, आणि ती स्वतःला दोष देत असेल हे आम्हा मोठ्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. दादाचा हात हवेतच राहिला. मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि खुर्चीवरून उतरून तिच्यापासून लांब, भिंतीशी जमिनीवर बसला.

"फॅनमुळे काही झालं नाही, सानू," तो म्हणाला. "फॅन काढला म्हणून कोणी कोणाला मारत नाही. मारलं मी. मला मारायचं होतं म्हणून मारलं."

"मग मी काढला नसता तरी?"

"तरी. आज नाही तर उद्या."

सानूने हात डोक्यावरून काढले नाहीत. कोपराच्या फटीतून ती त्याच्याकडे बघत राहिली. वहिनी तिला न्यायला आली, तोपर्यंत दोघं तशीच बसली होती.